परदेशी मैदान आणि घरची तयारी
बायचुंग भुतिया यांच्या व्यावसायिक कारकिर्दीचा अभ्यास

फुटबॉल हा जगातील सर्वाधिक देशांत खेळला जाणारा खेळ होय. युरोपात तो एक सुसंघटित व्यवसायही आहे. तेथील क्लब खेळाडूशी लेखी करार करतात, त्यास वेतन देतात, त्याच्या प्रकृतीची काळजी घेतात आणि कराराची मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या क्लबास तो हवा असल्यास त्याचे मूल्य वसूल करतात. दूरदर्शनच्या पडद्यामुळे हे जग आता खेड्यापाड्यांतील मुलांच्याही परिचयाचे झाले आहे. “मला परदेशात खेळायचे आहे,” असे शाळेतील एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणू लागली, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मात्र अशा वेळी शिक्षकाने, पालकाने आणि गावच्या पुढाऱ्याने काय उत्तर द्यावे, हा प्रश्न उरतो. नुसते कौतुक पुरेसे नाही आणि नुसती थट्टा तर सर्वथा अनुचित होय. या वाटेवरून प्रत्यक्ष गेलेल्या खेळाडूचा प्रवास अभ्यासणे हाच उत्तर शोधण्याचा योग्य मार्ग आहे. त्या दृष्टीने सिक्कीमचे बायचुंग भुतिया यांची कारकीर्द विशेष उद्बोधक आहे.

पहिले पाऊल

भुतिया यांच्याही पूर्वी एक भारतीय खेळाडू युरोपच्या मैदानावर उतरला होता. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबने १९३४ पासून सलग पाच वर्षे कलकत्ता साखळी स्पर्धा जिंकली. या विजयांत वाटा असलेले महंमद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडला गेले आणि ग्लासगो येथील विख्यात सेल्टिक क्लबकडे त्यांनी चाचणी दिली. सलीम बूट न घालता, पायास पट्ट्या गुंडाळून खेळत. सेल्टिकच्या दुय्यम संघाकडून ते दोन सामने खेळले आणि त्यांच्या कौशल्याने तेथील प्रेक्षक व वृत्तपत्रे थक्क झाली. तथापि त्यांना घरची ओढ लागली आणि ते मायदेशी परतले. कौशल्यात ते कोठेही उणे नव्हते. परक्या देशात दीर्घकाळ राहण्यासाठी लागणारा आधार मात्र त्यांच्या पाठीशी नव्हता. त्यानंतर भारतीय खेळाडूने युरोपीय क्लबशी व्यावसायिक करार करण्यास साठांहून अधिक वर्षे लोटली.

तिनकिताम ते कलकत्ता

बायचुंग भुतिया यांचा जन्म १५ डिसेंबर १९७६ रोजी दक्षिण सिक्कीममधील तिनकिताम या डोंगराळ खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. मुलाच्या खेळवेडाविषयी आईवडील प्रारंभी फारसे उत्सुक नव्हते. काका कर्मा भुतिया यांनी मात्र त्यांस उत्तेजन दिले. वयाच्या नवव्या वर्षी भारतीय क्रीडा प्राधिकरणाची शिष्यवृत्ती मिळाली आणि गंगटोक येथील ताशी नामग्याल अकादमी या शाळेत त्यांचा प्रवेश झाला. शिक्षण आणि खेळ यांची सोय एकाच ठिकाणी झाली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. शाळेच्या संघाबरोबरच गंगटोकमधील स्थानिक क्लबांकडूनही ते खेळू लागले.

१९९२ च्या सुब्रतो चषक स्पर्धेत ते सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. शालेय संघांची ही अखिल भारतीय स्पर्धा १९६० पासून भरविली जाते. भारताचे माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांनी त्यांचा खेळ हेरला आणि कलकत्त्याचा मार्ग खुला झाला. १९९३ मध्ये, सोळाव्या वर्षी, ते ईस्ट बंगाल क्लबात दाखल झाले. १९९५ मध्ये ते पंजाबातील फगवाडा येथील जे. सी. टी. मिल्सच्या संघात गेले. त्याच वर्षी भारतीय संघातही त्यांना स्थान मिळाले. १९९६-९७ मध्ये प्रथमच भरलेली राष्ट्रीय फुटबॉल साखळी स्पर्धा जे. सी. टी.ने जिंकली. १९९७ मध्ये ते ईस्ट बंगालकडे परतले. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर सुमारे एक लाख एकतीस हजार प्रेक्षकांसमोर त्यांनी मोहन बागानविरुद्ध तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने तो सामना ४-१ असा जिंकला. १९९८ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार प्राप्त झाला.

या वाटचालीत प्रत्येक टप्प्यावर एकेक पायरी तयार असल्याचे दिसते. घरातील वडीलधाऱ्याचे उत्तेजन, शिष्यवृत्ती, शाळा, स्थानिक क्लब, शालेय स्पर्धा, जाणकाराची नजर आणि मोठा क्लब असा तो क्रम आहे. यांतील एखादी पायरी निखळली असती, तर तिनकितामचा मुलगा कदाचित गंगटोकच्याही पुढे गेला नसता. गुणवत्ता निसर्गदत्त असेल; तिला वर नेणाऱ्या पायऱ्या मात्र माणसांनीच बांधाव्या लागतात.

बरी येथील तीन हंगाम

देशात नाव झाल्यावर भुतिया यांनी इंग्लंडमध्ये प्रयत्न सुरू केले. फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि अॅस्टन व्हिला या क्लबांकडे त्यांनी दिलेल्या चाचण्यांतून करार निष्पन्न झाला नाही. भारतातील अग्रगण्य खेळाडूलाही तेथे नव्याने परीक्षा द्यावी लागली, ही गोष्ट विसरता येत नाही. अखेर ३० सप्टेंबर १९९९ रोजी मँचेस्टरनजीकच्या बरी या गावातील क्लबशी त्यांनी करार केला. युरोपीय क्लबशी व्यावसायिक करार करणारे ते पहिले भारतीय फुटबॉलपटू ठरले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते.

बरी हा १८८५ मध्ये स्थापन झालेला जुना क्लब असला, तरी त्या काळी तो इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. कलकत्त्यात लाखाच्या समुदायासमोर खेळलेल्या या खेळाडूला येथे लहान मैदान, थोडे प्रेक्षक, थंड व ओलसर हवा आणि धिप्पाड बचावपटू यांना सामोरे जावे लागले. ३ ऑक्टोबर १९९९ रोजी कार्डिफ सिटीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून ते प्रथम मैदानात उतरले. साखळी स्पर्धेतील त्यांचा पहिला गोल १५ एप्रिल २००० रोजी चेस्टरफील्डविरुद्ध नोंदला गेला. म्हणजे पहिल्या सामन्यानंतर पहिल्या गोलास सहा महिन्यांहून अधिक काळ लागला.

तीन हंगामांत त्यांनी बरीकडून साखळीतील ३७ सामने खेळले व ३ गोल केले. अखेरच्या हंगामात तर फारच थोड्या सामन्यांत त्यांना संधी मिळाली. दरम्यान क्लबची आर्थिक स्थिती खालावत गेली आणि २००२ मध्ये त्याचा कारभार कायद्यानुसार नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेला. त्याच वर्षी भुतिया मायदेशी परतले. या क्लबचे दुर्दैव पुढेही संपले नाही. २७ ऑगस्ट २०१९ रोजी आर्थिक कारणांवरून त्यास इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आले.

३७ सामने आणि ३ गोल एवढ्यावरूनच निष्कर्ष काढावयाचा झाल्यास ही मोहीम अपयशी ठरली असे कोणी म्हणेल. तो निष्कर्ष उतावीळपणाचा होईल. रोजच्या शिस्तबद्ध सरावाची, जोमदार प्रतिस्पर्ध्यांची आणि व्यावसायिक जीवनक्रमाची जी ओळख तेथे झाली, ती गोलांच्या तक्त्यात उमटत नाही. त्याचबरोबर दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. भारतातील अव्वल दर्जा आणि इंग्लंडमधील तिसरी श्रेणी यांत मोठे अंतर होते. शारीरिक क्षमता, आहार आणि नियमित स्पर्धात्मक सराव यांची जी पायाभरणी तेथील मुलांना लहान वयात मिळते, ती बावीसाव्या वर्षी परदेशी पोहोचलेल्या खेळाडूस थोड्या अवधीत भरून काढणे दुष्कर असते.

परतल्यानंतरची वाटचाल

परतल्यावर भुतिया प्रथम मोहन बागानकडून आणि नंतर पुन्हा ईस्ट बंगालकडून खेळले. जुलै २००३ मध्ये जाकार्ता येथे झालेली आसियान क्लब स्पर्धा ईस्ट बंगालने जिंकली. अंतिम सामन्यात थायलंडच्या बी. ई. सी. तेरो सासाना संघाचा ३-१ असा पराभव झाला आणि ९ गोल करणारे भुतिया स्पर्धेत आघाडीवर राहिले. मलेशियातील पेराक व सेलांगोर येथील क्लबांकडूनही त्यांनी काही काळ खेळ केला. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने २००७ व २००९ चा नेहरू चषक जिंकला. २००८ मध्ये भारताने ए. एफ. सी. चॅलेंज चषक पटकावला आणि त्यायोगे २०११ च्या आशियाई चषक स्पर्धेत १९८४ नंतर प्रथमच प्रवेश मिळविला. २००८ मध्येच भुतिया यांना पद्मश्री सन्मान देण्यात आला. २०११ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती स्वीकारली आणि १० जानेवारी २०१२ रोजी दिल्लीत बायर्न म्युनिकविरुद्ध त्यांचा निरोपाचा सामना झाला.

भारतीय फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या २००६ मधील स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला आणि २०१० पासून मुलांसाठी फुटबॉल प्रशिक्षण शाळा सुरू केल्या. खेळाडूचे मैदानावरील आयुष्य बहुधा पस्तिशीच्या आसपास संपते. त्यापुढील आयुष्याची तजवीज खेळत असतानाच करावी लागते, हा बोधही या कारकिर्दीतून घेण्यासारखा आहे.

परवान्याचा उंबरठा

क्लबने होकार दिला म्हणजे काम झाले, असे नव्हे. परदेशी व्यक्तीस नोकरी करण्यासाठी त्या देशाच्या शासनाचा परवाना लागतो. २००९ मध्ये सुनील छेत्री यांच्याशी लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने करार करण्याचे ठरविले होते. परंतु जागतिक क्रमवारीत भारत पहिल्या सत्तर देशांत नसल्याने त्यांना ब्रिटनचा कामाचा परवाना मिळाला नाही. पुढे भारतासाठी नव्वदांहून अधिक गोल करणाऱ्या या खेळाडूची वाट वैयक्तिक उणिवेने अडली नव्हती. देशाच्या संघाचा क्रमांक त्यांच्या आड आला. २०१० मध्ये ते अमेरिकेतील कॅन्सस सिटी विझार्ड्सकडे आणि २०१२ मध्ये पोर्तुगालमधील स्पोर्टिंग क्लबच्या दुय्यम संघाकडे गेले. परंतु दोन्ही ठिकाणी त्यांना खेळण्याची संधी अल्प मिळाली. ब्रिटनमध्ये २०२१ पासून गुणांवर आधारित पद्धत लागू झाली असून तीतही राष्ट्रीय संघाचा दर्जा आणि खेळाडूच्या क्लबचा दर्जा विचारात घेतला जातो.

गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू यांनी २०१४ ते २०१७ या काळात नॉर्वेतील स्टाबेक क्लबाशी करारबद्ध राहून चिकाटीचे उदाहरण घालून दिले. दीर्घकाळ दुसऱ्या क्रमांकाचे गोलरक्षक म्हणून थांबावे लागले, तरी २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळणारे पहिले भारतीय होण्याचा मान त्यांना मिळाला. महिला खेळाडूही मागे नाहीत. मणिपूरच्या बाला देवी यांनी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी व्यावसायिक करार केला. पंजाबच्या मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन संघाकडून युरोपीय महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळल्या. गावातील मैदान मुलींसाठीही खुले असावे, यासाठी यापेक्षा निराळे समर्थन नको.

नियम काय सांगतात?

खेळाडूंच्या देशांतराविषयी आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, नियम केले आहेत. त्यांतील पुढील बाबी शिक्षक व लोकप्रतिनिधी यांनी जाणून घेतल्या पाहिजेत.

पहिली बाब वयाची. अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबात नोंदणी सामान्यतः करता येत नाही. आईवडील खेळाशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात स्थायिक झाल्यास, अशा काही मोजक्या परिस्थितींत अपवाद केला जातो. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास परदेशी क्लबात घेऊन जातो असे आश्वासन कोणी दिल्यास पालकांनी तात्काळ सावध व्हावे. भारतीय करार अधिनियम, १८७२ अन्वये अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी बाब मध्यस्थाची. २०२३ पासून फिफाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेल्या व्यक्तीसच खेळाडूचा प्रतिनिधी म्हणून काम करता यावे, अशी नवी पद्धत सुरू झाली. अज्ञान खेळाडूच्या बाबतीत पालकाची लेखी संमती आवश्यक असते. ज्याच्याजवळ परवाना नाही, क्लबचे लेखी निमंत्रण नाही आणि जो चाचणीच्या नावाखाली आगाऊ रक्कम मागतो, त्याच्या हाती शेत विकून आलेला पैसा देणे म्हणजे मुलाचे भवितव्य पणास लावणे होय.

तिसरी बाब प्रशिक्षण देणाऱ्या क्लबच्या हक्काची. कराराची मुदत संपण्यापूर्वी खेळाडू मोबदला घेऊन परदेशी क्लबकडे गेला, तर त्या मोबदल्यातील पाच टक्के रक्कम त्यास बारा ते तेवीस या वयात घडविणाऱ्या क्लबांना वाटून द्यावी लागते. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक वर्षासाठी एकूण मोबदल्याच्या पाव टक्का आणि सोळा ते तेवीस या वयातील प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का असे हे प्रमाण आहे. उदाहरणार्थ, एक कोटी रुपयांच्या व्यवहारात खेळाडूस बारा ते पंधरा ही चार वर्षे शिकविणाऱ्या क्लबचा वाटा एक लाख रुपये होतो. मात्र तो मिळण्यासाठी क्लब फुटबॉल संघटनेशी संलग्न असला पाहिजे आणि त्या वर्षांत खेळाडूची नोंदणी त्या क्लबच्या नावे झालेली असली पाहिजे. कागद नसेल, तर श्रम कितीही केले असले तरी हक्क सिद्ध होत नाही.

गावपातळीवरील कर्तव्ये

यावरून शाळा व ग्रामपंचायत यांच्या वाट्यास येणारी कामे स्पष्ट होतात आणि त्यांतील बहुतेकांस मोठा खर्च लागत नाही.

जन्माची नोंद हे पहिले काम होय. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची माहिती एकवीस दिवसांत देणे अपेक्षित आहे. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतील ही एक ओळ पुढे शाळेचा दाखला, पारपत्र आणि खेळाडूची नोंदणी या साऱ्यांचा आधार ठरते. शालेय स्पर्धा जिंकण्याच्या मोहाने वय कमी दाखविण्याचा प्रकार हा खेळाडूवर उपकार नसून घात आहे. सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत फिफा २००९ पासून मनगटाच्या चुंबकीय चित्रणाने वयाची पडताळणी करीत आली आहे. खोटा दाखला तालुक्याच्या स्पर्धेत खपेल. जगाच्या स्पर्धेत तो खेळाडूच्या मार्गात धोंड होऊन पडेल.

मैदान राखणे हे दुसरे काम. गावची मोकळी जागा अतिक्रमणापासून वाचविणे, दगड वेचून ती सपाट करणे आणि मुलामुलींना रोज ठरावीक वेळ खेळू देणे एवढ्यानेही प्रारंभ होऊ शकतो. कोल्हापुरात पेठांतील तालमींनी फुटबॉलचे संघ पिढ्यान्‌पिढ्या जोपासले आणि तेथील अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. परंपरा कोठेही एका दिवसात उभी राहत नाही. परंतु लोकांनी मनावर घेतल्यास ती उभी राहते, याची साक्ष महाराष्ट्रातच उपलब्ध आहे.

शिक्षण सुटू न देणे हे तिसरे आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचे काम. परदेशी जाणाऱ्या खेळाडूस कराराचा मसुदा वाचावा लागतो, परकी भाषा समजून घ्यावी लागते, आपल्या पैशाचा हिशेब ठेवावा लागतो. दुखापतीने खेळ थांबला, क्लब बुडाला किंवा परवाना नाकारला गेला, तर शिक्षणच त्याच्या हाती उरते. शंभर मुलांतील एखादाच व्यावसायिक खेळाडू होईल. उरलेल्या नव्व्याण्णव मुलांनाही खेळाने आरोग्य आणि शाळेने जीविका दिली पाहिजे. क्रीडाशिक्षकाने प्रत्येक होतकरू खेळाडूची उंची, वजन, दुखापती आणि खेळलेल्या स्पर्धा यांची नोंदवही ठेवल्यास ती पुढील प्रशिक्षकास मोलाची ठरेल.

समारोप

महंमद सलीम यांच्यापाशी कौशल्य होते, पण आधार नव्हता. बायचुंग भुतिया यांना शाळेपासून क्लबापर्यंत पायऱ्या मिळाल्या. परंतु ज्या क्लबाचा त्यांनी आश्रय घेतला, तोच आर्थिक संकटात सापडला. सुनील छेत्री यांना क्लब मिळाला, तर परवाना मिळाला नाही. परदेशी खेळणाऱ्या खेळाडूचे यश अशा अनेक धाग्यांवर अवलंबून असते आणि त्यांतील पुष्कळसे त्याच्या हातात नसतात. म्हणूनच जे धागे घरच्या लोकांच्या हातात आहेत, ते तरी मजबूत असले पाहिजेत. खरी जन्मनोंद, मोकळे मैदान, नियमित शाळा आणि सावध पालक या चार गोष्टींसाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. त्या तिनकितामसारख्या लहान गावातही उभ्या राहू शकतात आणि तेथूनच पुढचा प्रवास सुरू होतो.